माळवदाचा दगडी वाडा शेतीच्या कामाला लावताना

औसा, निलंगा, उमरगा या भागात असे माळवदाचे, म्हणजे लाकडावर माती ठोकून केलेल्या सपाट छताचे, दगडी वाडे गावोगाव आहेत. घरातली माणसं शेजारच्या स्लॅबच्या घरात राहायला गेली आणि वाड्यात कडबा, ठिबकच्या नळ्या, फवारणीचे पंप आणि शेळ्या राहायला आल्या. यात वाईट काही नाही. कुलूप लावलेल्या वाड्यापेक्षा वापरातला वाडा जास्त टिकतो, कारण गळायला लागला तर निदान कुणाला तरी दिसतं. 1993 च्या भूकंपानंतर जुनी घरं मजबूत करायच्या कामावर मी ओव्हरसियर होतो. आता निवृत्त होऊन शेती करतो आणि आजोबांच्या वाड्यात सोयाबीनचं बी, हरभरा, तूर ठेवतो. भावकीतलं कुणी ना कुणी येऊन विचारतं, "आबा, आमच्या वाड्याचं गोडाऊन होईल का?" होतं. पण आधी वाडा समजून घ्यावा लागतो.

दगड-मातीची भिंत वरून येणारं वजन पिढ्यान्‌पिढ्या पेलते. तिला सोसत नाही ते आडवं ढकलणं, आत मुरणारं पाणी आणि खार. शेतीचा वापर म्हणजे नेमकं हेच तिन्ही घरात आणणं: सुट्या धान्याचा रेटा, जनावरांचं मूत, खताची पोती. त्यामुळे कुठल्या खोलीत काय ठेवायचं नाही हे ठरलं की निम्मं काम झालं.

भिंत आधी वाचा

आपल्याकडची भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती असते दोन भिंती. एक आतला थर, एक बाहेरचा, आणि मधल्या पोकळीत गोटे, चिपा आणि माती. जुन्या चांगल्या गवंड्याने दोन्ही थरांना शिवणारे लांब दगड मध्ये मध्ये आडवे घातलेले असतात. घाईत किंवा कमी पैशात बांधलेल्या भिंतीत ते नसतात. मग पावसाचं पाणी आत गेलं की मधली भर खाली बसते, दोन्ही थर बाहेर रेटले जातात आणि टम्म फुगलेल्या भाकरीचे पापुद्रे सुटावेत तशी भिंत मधून सुटते. गवंडी म्हणतो, "भिंतीनं पोट काढलंय."

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात माणसं मेली ती बहुतेक याच भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून उशिरा झोपले होते. भूकंप 6 रिश्टरच्या थोडा वर, म्हणजे जगाच्या मानाने फार मोठा नव्हे. घरांची रचनाच अशी होती की तेवढा पुरला.

पोट पाहायला ओळंबा लागतो, डोळ्यावर विसंबू नका. भिंतीच्या माथ्यापासून ओळंबा सोडा आणि दर फुटाला दोरी ते भिंत हे अंतर मोजून खडूने तिथेच लिहा. तीन इंचांपर्यंतचं पोट आणि त्यात ताजी भेग नसेल तर भिंत शिवता येते. त्यापेक्षा जास्त असेल, किंवा दगडावर हातोडीने हलकं ठोकल्यावर ढबढब आवाज येत असेल, तर तेवढा तुकडा उतरवून पुन्हा बांधायची तयारी ठेवा. भेग जुनी की नवी हे ओळखायला त्यावर चुन्याचा पातळ पट्टा ओढा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या पावसाळ्यानंतर पट्टा चिरला असेल तर भिंत अजून चालते आहे.

मग कोपरे बघा. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींत गुंतलेल्या आहेत, की नुसत्या चिकटून उभ्या आहेत? वाटणीनंतर मध्येच घातलेल्या भिंती बहुधा चिकटलेल्या असतात. भाऊ वेगळे झाले ते भिंतीत स्पष्ट दिसतं.

सगळ्यात शेवटी खांब. खणाच्या, म्हणजे चार-चार खांबांमधल्या जागांत विभागलेल्या घरात माळवदाचं वजन सागाच्या नाहीतर बाभळीच्या खांबांवर आणि तुळयांवर असतं. भूकंपात कित्येक ठिकाणी भिंती बाहेर पडल्या, पण लाकडाचा सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसं वाचली. तुमचा वाडा या जातीचा असेल तर लाकूड हाच त्याचा जीव. खांबाचा बूड आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक या दोन जागी पाणी आणि वाळवी धरते. पेचकस घेऊन तिथे टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर कुजलंय.

आता कोरीव खांबांबद्दल एक. जुनं सागवान विकत घेणारे लोक गावोगाव फिरतात आणि भाव चांगला देतात. एक खांब काढून त्याजागी लोखंडी पाइप उभा करायची कल्पना मनात आली तर ती पाहुणा गेल्यावर सोडून द्या. उरलेल्या तीन खांबांवर वजन कसं वाटलं जाईल ते त्या पाहुण्याला ठाऊक नसतं, आणि त्याला ते विचारायचंही नसतं.

वरची माती उतरवा

माझं मत विचाराल तर पहिला पैसा इथे घाला. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर पांढऱ्या मातीचा थर टाकायची आपली रीत. जुना थर कुणी काढत नाही. त्यामुळे चार-सहा इंचांपासून सुरू झालेली माती पन्नास वर्षांत दोन फूट होते. हिशेब करा: दहा बाय दहाचा खण, दोन फूट माती, म्हणजे दोनशे घनफूट. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तरी नऊ टन. एका खणावर! आणि हा कोरड्या मातीचा हिशेब आहे, श्रावणातली ओली माती याहून जड.

माती आठ इंचांवर आणा. त्याच खणावर मग तीनच टन राहतात. भूकंपानंतरच्या कामातही आम्ही हेच माप धरायचो.

उतरवायची पद्धत महत्त्वाची आहे. आधी आतून प्रत्येक तुळईखाली टेकू द्या, मग वर चढा. एक खण पूर्ण मोकळा करून दुसऱ्याला हात घालू नका. सगळ्या खणांवरून सारखा सारखा, चार-चार इंचांचा थर काढत जा, नाहीतर एका बाजूचं वजन जाऊन सांगाडा दुसरीकडे झुकतो. टिकाव उभा मारायचा नाही, फावड्याने खरवडायचं. काढलेली माती माळवदाच्या कडेला रचायची नाही, लगेच खाली सोडायची. हे काम मार्च-एप्रिलमध्ये घ्या. मे महिन्यात वळवाच्या पावसाने गाठलं तर उघडं लाकूड भिजतं आणि मजुरांचा जीव धोक्यात येतो.

फळ्या किंवा किलच्या (लाकडी पट्ट्या) उघड्या पडल्या की कुजलेल्या बदला. त्यावर चार इंच जुनीच माती चाळून, ओलसर करून धुमसाने ठोका. मग जाड प्लास्टिकचा कागद, जोडाला एक हात एकमेकांवर चढवून. त्यावर चार इंच पांढरी माती, उताराने. दहा फुटांना तीन-चार इंच उतार पुरतो. उतार संपतो तिथे पन्हळ, आणि ती भिंतीपासून दीड फूट तरी बाहेर हवी. आखूड पन्हळीचं पाणी वाऱ्याने भिंतीवरच येतं.

पांढरी माती लोक गढीवरून आणतात. गढी आधीच पोखरलेली असेल तर तिथून उपसू नका, वरून ढिगारा आल्याचे प्रकार होतात. शिवाय त्या मातीत जुन्या वस्तीची खापरं, मणी, नाणी असतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात-शिवारात सापडलेल्या अशाच वस्तू जपून ठेवल्या, त्यावर आज तिथलं संग्रहालय उभं आहे. माती चाळताना काही हाताला लागलं तर फेकू नका.

"त्यापेक्षा सगळं काढून पत्रे टाकतो," असं बरेच जण म्हणतात. अवजारांच्या खोलीवर खुशाल टाका. बियाण्याच्या खोलीवर टाकू नका. मे महिन्यात पत्र्याखाली सोयाबीनचं बी भाजून निघतं आणि पेरल्यावर उगवत नाही. माळवद आणि जाड भिंत यांच्यामुळे माजघर दुपारीही थंड राहतं, आणि तेवढ्यासाठीच तर आपण हा खटाटोप करतोय. जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब ओतायचा तर विषयच नको.

भिंत शिवणं

भिंतीचे दोन थर पुन्हा एकमेकांना बांधायचे तर लांब दगड घालावा लागतो. उभ्या भिंतीत तसा दगड सरकवता येत नाही, म्हणून त्याजागी काँक्रीटचा दगड ओततात. साधारण चार फुटांवर आडवी आणि दोन फुटांवर उभी खूण करा, एका ओळीतल्या खुणा दुसऱ्या ओळीच्या मधोमध येतील अशा. खूण शक्यतो अशा दगडावर येऊ द्या जो फार मोठा नाही.

मग दगडाभोवतीची माती बारीक सळईने खरवडून काढा. दगड हळूहळू हलवत बाहेर घ्या. घण वापरला तर शेजारचे चार निघतात. मागची भर हाताने काढत जा, पलीकडच्या थराच्या पाठीला बोट लागेपर्यंत. आता भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्याच जागेसमोरचा दगड शोधून काढा. आरपार भोक झालं, पण ते दोन्ही तोंडाला रुंद आणि मध्ये तीनेक इंच, डमरूच्या घाटाचं हवं, म्हणजे ओतलेला दगड दोन्हीकडून अडकून बसतो. भोकात पाणी शिंपडा. निम्मं काँक्रीट भरा (एक सिमेंट, दोन वाळू, चार बारीक खडी), त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवा, उरलेलं भरा आणि ठासा. दहा दिवस ओलं ठेवा. एका भिंतीत एका वेळी मोजकीच भोकं पाडा, लांब लांब, आणि ती भरल्याशिवाय पुढची उघडू नका.

माझ्याबरोबर औशाचे एक चाचा गवंडी असायचे. दगड काढायच्या आधी ते त्यावर तळहात ठेवून दुसऱ्या हाताने शेजारचा दगड ठोकायचे. हाताला धक्का जाणवला तर म्हणायचे, "हा बोलतोय, याला राहू द्या." म्हणजे तो दगड शेजाऱ्याचं वजन घेतोय. कागदावरच्या मापापेक्षा खूण एक वीत सरकली तरी चालते, पण बोलणारा दगड काढायचा नाही.

खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके लाकडी टेके ठोकून घ्या. सुताराचं काम आहे, खर्च फार नाही, आणि सांगाडा डोलायचा थांबतो.

बाहेरच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मात्र सिमेंटने भरू नका, आणि प्लास्टर तर नकोच. गावात हे सर्रास चालतं, कारण दिसायला चकाचक दिसतं. भिंतीतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, आतली माती लगदा होते आणि सिमेंटचा पापुद्रा दगडाचं तोंड घेऊन सुटतो. दर्जाला चुना वापरा. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान पंधरा दिवस मुरू द्या, गाळून घ्या, एकाला अडीच-तीन वाळू. विरवताना पाणी उकळतं आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, तेव्हा चष्मा घाला आणि पोरांना लांब ठेवा. जुने लोक चुन्यात गुळाचं पाणी, बेलफळ, हिरडा घालायचे. घालायला हरकत नाही, पण चुना नीट मुरवणं आणि भरल्यावर आठवडाभर सावलीत ओला ठेवणं जास्त कामाचं.

उंदरांच्या बिळांत फुटक्या काचा आणि चुना ठासा. याला अजून तोड नाही.

पाणी

गावातला रस्ता दर पाच वर्षांनी जुन्यावरच नवा सिमेंटचा होतो. आता कित्येक वाड्यांचं जोतं रस्त्याच्या खाली गेलंय आणि गल्लीचं पाणी ढाळजेत, म्हणजे दरवाजाला लागूनच्या ओसरीत येतं. रस्ता आपल्या हातात नाही. भिंतीपासून तीन फुटांवर गटार काढून पाणी परसाकडे वळवणं हातात आहे. भिंतीला चिकटून खोदायचं नाही, पाया उघडा पडतो. चौकातल्या मोऱ्या उघडून पाहा. निम्म्या वाड्यांत जुनी दगडी मोरी शाबूत असते आणि तिच्यात नुसता गाळ आणि चेंडू असतात.

कुठे काय ठेवायचं

ढाळजेत नळ्या, तुषार संच, मोटारी. रस्त्याला लागून आहे, उचल-ठेव सोपी. ट्रॅक्टर आत घेण्यासाठी दरवाजा फोडून रुंद करायचं डोक्यातून काढा. दरवाजाशेजारची भिंत म्हणजे कमान आणि माडी दोन्हीचा आधार.

बियाणं आणि धान्य माजघरात. सोयाबीनचं बी दहा-बारा टक्के ओलाव्यावर आल्याशिवाय आत घेऊ नका. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट सोडून, चार-पाचच्या वर थप्पी नाही, कारण खालच्या पोत्यातलं बी दबून फुटतं. त्या दोन फुटांतून तुम्हाला फिरता आलं पाहिजे: कीड, उंदीर, ओल सगळं तिथूनच दिसतं.

सुटं धान्य भिंतीला टेकवून ओतू नका, कधीच नाही. पाच फूट उंच हरभऱ्याची रास भिंतीला सतत बाहेर रेटत असते, आणि पोट काढलेल्या भिंतीला तेवढं निमित्त पुरतं. जुन्या लोकांनी बळद बांधलं ते उगीच नाही. बळदाला त्याच्या स्वतःच्या भिंती असतात, वरून भरायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. तुमच्या वाड्यात बळद शाबूत असेल तर आतून चुन्याने लिंपून वापरा, मला तरी तुरीसाठी त्याहून चांगली जागा माहीत नाही.

पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं तळघर, असेल तर जपून. बरेचदा ते ओसरीखाली बुजून गेलेलं असतं आणि जमीन पोकळ वाजते, म्हणून पोती रचण्यापूर्वी पहारीने ठोकत ठोकत सगळी जमीन ऐका. सापडलं तर आत उतरू नका. बंद पेवात कोंदट हवा साचते आणि माणूस दोन मिनिटांत आडवा होतो, त्याला काढायला उतरणाराही. वरूनच मुरूम टाकून थराथराने ठोकून भरून घ्या.

धान्याला लावायच्या सल्फासच्या गोळ्या वाड्यात वापरू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू दगडाच्या फटींतून शेजारच्या खोलीत जातो, आणि शेजारी बहुधा चुलत भावाचं कुटुंब झोपलेलं असतं. हवाबंद पिशव्या मिळतात, बियाण्यासाठी त्या घ्या.

खतं वाड्यात नकोत. युरिया, पोटॅश हवेतली ओल ओढतात, विरघळलेला खार जमिनीतून भिंतीत चढतो आणि भिंतीला लोणा लागतो. मग दगड पावडरीसारखा झडतो, दर्जा रिकाम्या होतात. जनावरांच्या मुतानेही हेच होतं, म्हणून गोठा परसात, वाड्याच्या भिंतीला न टेकणारा, स्वतःच्या खांबांवरचा. शेळ्या चौकात बांधल्या तर चालतात, पण जागा रोज बदला आणि मूत मोरीत जाऊ द्या. कीटकनाशकं कुलपात, धान्यापासून वेगळ्या, खिडकी असलेल्या खोलीत.

कडबा आणि भुसा बाहेर. वाळका कडबा, सागवानी छत आणि तीस वर्षांपूर्वीची वायर या तिघांना एका खोलीत ठेवू नये. माळवदावर कडब्याची गंजी रचणारेही मी पाहिलेत, एवढी माती उतरवून मग ते.

छताचं सवणं बुजवू नका. उजेड आणि वारा तिथूनच येतो. वर जाळी लावा आणि पावसाळ्यात झाकायला पत्र्याचं झाकण करा. आमच्या सवण्यात एक पिंगळा बसतो. तो उंदरांचं बघतो, म्हणून जाळीला एका बाजूने त्याच्यापुरती जागा सोडली आहे.

हे सगळं सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नाव कुणाचं आहे ते बघा. आजोबांच्या नावावर असलेल्या वाड्यात आठ-दहा वारस निघतात. माळवदाची माती खाली यायला लागली की पुण्या-मुंबईतला भाऊ फोन करतोच, तेव्हा सगळ्यांच्या सह्यांचा एक कागद आधी करून ठेवा. जवळ केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या 100 मीटरच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. दुरुस्तीलाही आधी विचारून घ्यावं लागतं, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये माती उतरवायची तर त्या कागदाला दिवाळीनंतरच लागा.